साहेबांच्या कॉलेजपासून गावच्या कचेरीपर्यंत : ‘यशदा’ची वाटचाल

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा कामाला लागल्या. त्याआधी वर्षभर वसंतराव नाईक समितीच्या अहवालावर विधिमंडळात आणि जिल्ह्याजिल्ह्यांत वाद झडले होते. यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने त्यातून एक धाडसी निर्णय घेतला. जिल्ह्याचा विकास लोकांनी निवडून दिलेल्या मंडळींच्या हाती द्यायचा आणि जिल्हाधिकाऱ्याला त्यापासून बाजूला ठेवायचे. परिषदेचा कारभार पाहण्यासाठी मुख्य कार्यकारी अधिकारी हे वेगळे पद निर्माण झाले, तालुक्याला गटविकास अधिकारी आले, गावात ग्रामसेवक होताच. कागदावर रचना उत्तम होती. पण ती चालवणारी माणसे इंग्रजी अमलात घडलेल्या कचेऱ्यांतून आली होती. सारा वसूल करणे, शांतता राखणे, वरून आलेला हुकूम खाली पोचवणे एवढेच त्यांना शिकवले गेले होते. अध्यक्षासमोर बसून आपले मत मांडायचे, त्याचा निर्णय वेगळा झाला तरी मनापासून राबवायचा आणि गावकऱ्यांना बरोबर घेऊन काम उभे करायचे, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते.

दुसऱ्याच वर्षी, १९६३ मध्ये, राज्य सरकारने मुंबईत प्रशासकीय कर्मचारी महाविद्यालय काढले. आज पुण्याच्या बाणेर रस्त्यावर, राजभवनाच्या आवारात उभी असलेली यशवंतराव चव्हाण विकास प्रशासन प्रबोधिनी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘यशदा’, हा त्याच महाविद्यालयाचा पुढचा अवतार.

न्यूझीलंडमधल्या माउंट रॉस्किलच्या मराठी मंडळींनी काढलेल्या स्मरणिकेत पुण्याच्या सरकारी संस्थेचा इतिहास का, असे कोणी विचारील. आपल्यातले कितीतरी जण इथे सार्वजनिक सेवेत आहेत. कोणी इस्पितळाच्या वॉर्डात आहे, कोणी शाळेत, कोणी ऑकलंड कौन्सिलच्या कार्यालयात. आणि आपल्या घरांची मागची पिढी पाहिली तर तलाठी, शिक्षिका, ग्रामसेवक, पाटबंधारे खात्यातले अभियंते, तहसील कचेरीतले अव्वल कारकून हीच माणसे भेटतात. सरकारी नोकरीतला माणूस पुढाकार घ्यायला कसा शिकतो, हा प्रश्न म्हणजे आपल्या दोन पिढ्यांना जोडणारा विषय आहे. माझी नोकरी महसूल खात्यात झाली. त्यामुळे या संस्थेकडे मी बाहेरच्या अभ्यासकाच्या नजरेने पाहू शकत नाही आणि तसा आवही आणणार नाही.

आधीची रीत सांगायला हवी. इंग्रजांच्या काळात वरच्या अधिकाऱ्याची तयारी फार काळजीपूर्वक होई. आधी इंग्लंडमध्ये शिक्षण, मग एखाद्या अनुभवी कलेक्टरच्या हाताखाली जिल्हा फिरणे, भाषा शिकणे, परीक्षा देणे. खालच्या माणसाची तयारी मात्र कोणीच करत नसे, तो आपोआप तयार होई. नवा तलाठी जुन्या तलाठ्याकडे बसून सातबारा लिहायला, फेरफार धरायला, पीकपाहणी करायला शिके. कारकुनाच्या हाताखालून दप्तर गेले की तो कामात मुरला असे मानत. पुढे विभागीय परीक्षा आल्या, अर्हता परीक्षा आल्या. त्यांत कायद्याची कलमे विचारली जात. नियम माहीत असणे आणि चूक न होणे हा चांगल्या कर्मचाऱ्याचा निकष होता. तो वाईट होता असे मी म्हणणार नाही. जमिनीचे कागद शंभर वर्षे सांभाळणारी व्यवस्था याच शिस्तीवर उभी राहिली. पण जिथे नियम गप्प असतो तिथे काय करायचे, हे त्या शिस्तीत बसत नव्हते. तिथे फाइल वर जाई.

स्वातंत्र्यानंतर दिल्लीला याची जाणीव झाली. अमेरिकन तज्ज्ञ पॉल अ‍ॅपलबी यांच्या अहवालानंतर १९५४ मध्ये भारतीय लोकप्रशासन संस्था निघाली. १९५६ मध्ये हैदराबादला प्रशासकीय कर्मचारी महाविद्यालय सुरू झाले आणि १९५९ मध्ये मसुरीला सनदी अधिकाऱ्यांची अकादमी. हैदराबादच्या संस्थेचा नमुना इंग्लंडमधल्या हेन्ली इथला होता. दुसरे महायुद्ध संपताना तिथे अशी कल्पना निघाली की सरकार, कारखाने आणि बँका यांतल्या मधल्या फळीतल्या माणसांना एकत्र राहायला बोलवावे आणि दहा-बारा जणांचे गट करून त्यांना एखाद्या अवघड प्रश्नावर बोलते करावे. व्याख्याता मागे, चर्चा पुढे. गटाचा प्रमुख दर विषयाला बदलायचा, म्हणजे प्रत्येकाला एकदा पुढे व्हावे लागे आणि उरलेल्या वेळी दुसऱ्याच्या मागे जावे लागे. नेतृत्व भाषणाने शिकवता येत नाही, ते करून पाहावे लागते, हा त्यामागचा विश्वास होता, आणि मला तो आजही पटतो.

मुंबईचे महाविद्यालय याच घराण्यातले. मात्र त्याचे नावच सांगते तसे ते अधिकाऱ्यांसाठी होते. शिपाई, कारकून, तलाठी, ग्रामसेवक यांच्यासाठी तिथे जागा असेल अशी कल्पनाही तेव्हा कोणी केली नसावी. पन्नासच्या दशकात ग्रामसेवकांसाठी वेगळी प्रशिक्षण केंद्रे निघाली होती, तिथे शेती, खते, बियाणे, आरोग्य असे विषय शिकवत. म्हणजे खालच्याला माहिती द्यायची आणि वरच्याला निर्णय घ्यायला शिकवायचे, अशी ही विभागणी होती. या संस्थेचा पुढचा सगळा इतिहास मला तरी ही विभागणी हळूहळू मोडत जाण्याचा इतिहास वाटतो. ती अजून पुरती मोडलेली नाही.

तिला पहिला मोठा तडा दुष्काळाने दिला. १९७० पासून पाऊस रुसला आणि १९७२-७३ मध्ये महाराष्ट्राच्या मोठ्या भागात विहिरी कोरड्या पडल्या. सरकारने कामे काढली: पाझर तलाव, नाला बंडिंग, रस्ते, खडी फोडणे. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवरच्या मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली. एवढ्या माणसांना रोज काम नेमून देणे, मोजमाप घेणे, मस्टर भरणे, आठवड्याला मजुरी वाटणे, पाण्याचा टँकर आणि सुकडी पोचवणे, कामावर बाळंतीण झालेल्या बाईची सोय पाहणे, हे मंत्रालयातून होण्यासारखे नव्हते. ते केले कनिष्ठ अभियंत्यांनी, तलाठ्यांनी, ग्रामसेवकांनी आणि मस्टर कारकुनांनी. नियमपुस्तिकेत ज्याचे उत्तर नाही असे प्रश्न त्यांच्यापुढे रोज सकाळी उभे राहत. टंचाईच्या कामावर असलेल्या त्या पिढीशी मी पुढे पुष्कळ बोललो आहे. ते सारे एकच सांगत. विचारायला वरचा कोणी जागेवर नसे, म्हणून आम्ही ठरवत गेलो. त्या अनुभवातून आणि विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या चिकाटीतून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे तीन दशकांनी देशाने त्याचा कित्ता गिरवला.

राज्याच्या प्रशासनाचा हा सगळ्यात मोठा धडा तळच्या माणसाने दिला होता. तरी प्रशिक्षणाची दारे त्याच्यासाठी लगेच उघडली नाहीत. धडा कळायला वेळ लागतो, आणि सरकारला जरा जास्तच लागतो.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कचेरीत जो बदल केला तो ‘लखिना पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजला. वाट्टेल तसे पडलेले गठ्ठे वर्गवार लावले गेले, टेबलांची मांडणी बदलली, कोणता कागद कोणाकडे आहे हे बाहेरच्या माणसाला कळू लागले. बाहेरून पाहिले तर ही आवराआवर. पण तिचे मर्म असे की प्रत्येक कारकुनाला आपल्या कार्यासनावरच्या कामाची जबाबदारी स्वतः घ्यावी लागली. आपले काम काय, किती दिवसांचे, किती उरले, हे त्याने स्वतः लिहून ठेवायचे होते. महाराष्ट्रातल्या सुधारणांची ही एक वेगळी परंपरा आहे. ती प्रशिक्षण संस्थेत जन्मली नाही, कचेरीत जन्मली. पुढे पुणे विभागाचे आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी २०१७ च्या सुमारास राबवलेली ‘झिरो पेंडन्सी’, म्हणजे काम शिल्लक न ठेवण्याची मोहीम, ही तिचीच धाकटी बहीण. अशा गोष्टी एका जिल्ह्यात फुलतात आणि अधिकाऱ्याची बदली झाली की कोमेजतात. त्या टिकवायच्या तर कोणीतरी त्या शिकवत राहिले पाहिजे. मुंबईच्या महाविद्यालयाला मोठे रूप देण्याची गरज होती ती याचसाठी.

ते रूप १९८४ मध्ये मिळाले. संस्था मुंबईहून पुण्यात आली आणि महाराष्ट्र विकास प्रशासन संस्था या नावाने नव्याने सुरू झाली. मंत्रालयाच्या सावलीतून ती बाहेर पडली, हे फार चांगले झाले. मुंबईत असेपर्यंत शिकायला आलेला अधिकारी दुपारी आपल्या खात्यात डोकावून येऊ शकत असे. पुण्यात तो वसतिगृहात राहू लागला. रात्रीच्या जेवणानंतर पोलीस खात्यातला, शिक्षणातला, वनखात्यातला माणूस एकाच टेबलाशी बसू लागला. खात्याखात्यांतल्या भिंती अशा जेवणांनी जितक्या खाली येतात तितक्या परिपत्रकांनी येत नाहीत. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला यशवंतरावांचे निधन झाले. १९९० मध्ये संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. जिल्हा परिषदांचा पाया घालणाऱ्याचे नाव त्या परिषदांच्या माणसांना घडवणाऱ्या संस्थेला मिळाले, यापेक्षा उचित स्मारक नाही.

नंतर आले १९९३. या एका वर्षाने संस्थेचा विद्यार्थीच बदलला.

२४ एप्रिल रोजी घटनेची ७३ वी दुरुस्ती अमलात आली. पंचायतीला घटनेचे बळ मिळाले आणि एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवाव्या लागल्या. महाराष्ट्रात पुढे २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर गेले. सुमारे अठ्ठावीस हजार ग्रामपंचायती, साडेतीनशेवर पंचायत समित्या आणि तीसहून अधिक जिल्हा परिषदा, या सगळ्यांत दर पाच वर्षांनी नवी माणसे निवडून येणार आणि त्यांतली कितीतरी प्रथमच घराबाहेरच्या कारभारात पाऊल टाकणार. त्यांना शिकवण्याची जबाबदारी ‘यशदा’तल्या राज्य ग्रामीण विकास संस्थेकडे आली. लोकप्रतिनिधींच्या शिबिरांचे कौतुक पुष्कळ झाले आणि ते योग्यच आहे. पण मला त्याच्या दुसऱ्या बाजूचे महत्त्व अधिक वाटते. पहिल्यांदा निवडून आलेल्या बाई सरपंचाच्या खुर्चीत बसल्या, तेव्हा त्यांच्या शेजारी बसणारा ग्रामसेवक पंधरा वर्षे मुरलेला होता. दप्तर त्याच्याकडे, चेकबुक त्याच्याकडे, तालुक्याला ओळखी त्याच्या. तो ठरवील तसा गावचा कारभार होणार. त्याने कागद पुढे सरकवून ‘इथे सही करा ताई’ म्हणायचे, की आधी ठराव वाचून दाखवायचा, खर्चाचा हिशेब समजावायचा आणि त्यांचे मत काय ते विचारायचे, यावर त्या बाईंचे सारे सरपंचपद अवलंबून होते.

सरकारी कर्मचाऱ्याच्या नेतृत्वाचा याहून मोठा कस मला माहीत नाही. दुसऱ्याला पुढे होऊ द्यायचे आणि आपण त्याचा आधार व्हायचे. एकट्या सरपंचांचे शिबिर घेऊन हे साधत नाही. सरपंच आणि ग्रामसेवक एका खोलीत बसले, एकाच अंदाजपत्रकावर काम करू लागले, तरच साधते. जिथे अशी एकत्र सत्रे झाली तिथे गावाला फरक कळला.

१९९३ च्याच ३० सप्टेंबरच्या पहाटे लातूर-धाराशिव परिसर भूकंपाने हादरला. अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून माणसे नुकती झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे मातीच्या ढिगाऱ्यात गेली, हजारो माणसे मेली. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसनात बावन्न गावे नव्या जागी वसवायची होती. याद्या करायच्या, घर कोणाच्या नावे द्यायचे ते ठरवायचे, एकत्र कुटुंब फुटले असेल तर वाटा कसा करायचा, जुने देऊळ नव्या गावात कुठे, विहीर कोणाच्या बाजूला. हे ठरवायला गावसभेत बसणारा माणूस होता तलाठी, ग्रामसेवक, कनिष्ठ अभियंता. त्याच्यापुढे बसलेल्यांत प्रत्येकाच्या घरातले कोणी ना कोणी गेलेले होते. तिथे दरडावून चालत नव्हते आणि नुसते रडून चालत नव्हते. आपत्ती व्यवस्थापन हा ‘यशदा’चा एक भक्कम विषय पुढे झाला, त्याचे मूळ या अनुभवात आहे. तेव्हा लातूरचे जिल्हाधिकारी होते प्रवीणसिंह परदेशी. २०२१ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी क्षमता विकास आयोग नेमला तेव्हा त्याचे प्रशासन सदस्य म्हणून याच परदेशींची नेमणूक झाली. आयोगावरच्या एकाने तरी किल्लारीचा तलाठी जवळून पाहिला आहे, याचा मला आनंद झाला होता.

पुढचा टप्पा माहितीच्या अधिकाराचा. महाराष्ट्राने २००२ मध्ये स्वतःचा कायदा केला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा लागू झाला. केंद्र सरकार आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांच्या प्रकल्पात या कायद्याच्या प्रशिक्षणाची मोठी जबाबदारी ‘यशदा’कडे आली आणि पुण्यातल्या संस्थेचा लौकिक महाराष्ट्राबाहेर गेला. वर्तमानपत्रांनी या कायद्याकडे नागरिकाच्या बाजूने पाहिले. कचेरीच्या बाजूने पाहिले तर आणखी एक मोठी गोष्ट घडली होती. जन माहिती अधिकारी म्हणून अनेक ठिकाणी नायब तहसीलदार, अधीक्षक, गावात ग्रामसेवक अशा माणसाचे नाव फलकावर लागले. तीस दिवसांत उत्तर द्यायचे आणि द्यायचे ते स्वतःच्या सहीने. नाकारायचे तर कारण लिहून नाकारायचे. चुकला तर दंड त्याच्या पगारातून, दिवसाला २५० रुपये, कमाल २५,०००. आयुष्यभर ‘वर विचारून सांगतो’ म्हणणाऱ्या माणसाला कायद्याने सांगितले की आता तू ठरव.

सुरुवातीला याची भीतीच फार होती. प्रशिक्षण वर्गात लोक कायद्यापेक्षा दंडाचे कलम आधी विचारत. चांगल्या प्रशिक्षकांनी ती भीती नुसती समजूत काढून घालवली नाही, खरे अर्ज समोर ठेवून घालवली. हा अर्ज वाचा, यातले काय द्याल, काय नाकाराल, का? शेजारच्याचे उत्तर वेगळे आले तर दोघे वाद घाला. हेन्लीच्या गटचर्चेची रीत साठ वर्षांनी बार्शीच्या आणि भोकरच्या कारकुनापर्यंत पोचली ती अशी.

न्यूझीलंडमध्ये राहिल्यावर याच गोष्टीकडे मी आणखी एका बाजूने पाहू लागलो. इथे सरकारी माहितीचा कायदा १९८२ पासून आहे आणि उत्तराची मुदत वीस कामाच्या दिवसांची. लोकपालाचे पद तर या देशाने १९६२ मध्येच निर्माण केले, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदा जन्मल्या त्याच वर्षी. भारतात लोकायुक्ताचा कायदा अमलात आणणारे पहिले राज्य महाराष्ट्र, १९७१-७२ मध्ये. दोन्हीकडे नागरिकाची ताकद वाढली तसा कर्मचाऱ्यावरचा भार वाढला. मात्र भार उचलायला शिकवणारी व्यवस्था इथेही आपोआप आली नाही. १९८८ च्या कायद्याने न्यूझीलंडने सरकारी खात्यांचे प्रमुख मुदतीच्या करारावर नेमायला सुरुवात केली, प्रत्येक खात्याला मोकळीक दिली आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांची एक सामाईक सेवा निर्माण केली. ती सेवा रुजली नाही. प्रत्येक खाते आपापली माणसे निवडी, आपापल्या पगारावर ठेवी, आणि उद्याचे नेते घडवायचे काम सगळ्यांचे म्हणून कोणाचेच राहिले नाही. पुढे नेतृत्व विकासासाठी खात्यांनी मिळून स्वतंत्र केंद्र चालवले. २०२० च्या सार्वजनिक सेवा कायद्याने खातेप्रमुखांचे एकत्र नेतृत्व मंडळ केले आणि समाजाच्या सेवेची भावना हा सेवेचा पाया आहे असे कायद्यातच लिहिले. जगभर ज्याच्या सुधारणांची वाखाणणी झाली त्या देशालाही सामाईक शाळेवाचून चालले नाही, हे ‘यशदा’सारखी संस्था हवीच कशाला असे विचारणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

आपल्या माउंट रॉस्किलचाही इतिहास या संदर्भात पाहण्यासारखा आहे. १८६८ पासून इथे रस्ते पाहणारे मंडळ होते. १९४७ मध्ये बरो, म्हणजे स्वतंत्र नगरपालिका, झाला आणि स्वतःचा महापौर, स्वतःचे कर्मचारी आले. १९८९ मध्ये तो ऑकलंड शहरात विलीन झाला. २०१० पासून इथे पुकेतापापा लोकल बोर्ड आहे, पण त्याच्यासाठी काम करणारी माणसे ऑकलंड कौन्सिलच्या नोकरीत आहेत. निवडून आलेले मंडळ स्थानिक, कर्मचारी मोठ्या संस्थेचा. आपल्या पंचायत समितीचे आणि गटविकास अधिकाऱ्याचे नाते ज्याने पाहिले आहे त्याला ही रचना परकी वाटणार नाही. बोर्डाच्या बैठकीत बसलो की माझे लक्ष सदस्यांपेक्षा टिपण मांडणाऱ्या तरुण कर्मचाऱ्याकडे जाते. तो नावाने हाक मारतो, नावानेच मारून घेतो, आपली शिफारस काय ते सरळ सांगतो आणि मंडळाने ती फिरवली तर शांतपणे लिहून घेतो. ‘साहेब’ या हाकेवाचून हे कसे होते याचे इथे नव्याने आलेल्या आपल्या मुलामुलींना आधी नवल वाटते. मग त्यांना ते जमते. पण माझ्या पाहण्यात त्यांच्यातली पुष्कळ जण उत्तम काम करूनही बैठकीत गप्प राहतात आणि वर चढायची वेळ आली की मागे राहतात. विचारल्याशिवाय बोलू नये ही घरची आणि कचेरीची शिकवण त्यांच्यात खोल गेलेली असते. म्हणून ‘यशदा’चा प्रश्न हा केवळ तिकडचा नाही.

पुण्याकडे परत येऊ. २०११ मध्ये राज्याने आपले प्रशिक्षण धोरण ठरवले आणि ‘यशदा’ला राज्याची शिखर संस्था म्हणून मान्यता मिळाली. विभागांच्या आणि जिल्ह्यांच्या पातळीवर प्रशिक्षण संस्था असाव्यात, नोकरीत आल्यावर पायाभूत आणि बढतीच्या वेळी पुन्हा असे प्रत्येकाला शिक्षण मिळावे, असे त्यात आहे. राज्यसेवेतून आलेल्या उपजिल्हाधिकारी, पोलीस उपअधीक्षक, तहसीलदार अशा वेगवेगळ्या पदांवरच्या उमेदवारांना एकत्र शिकवणारा एकत्रित परिवीक्षाधीन कार्यक्रम त्यानंतर सुरू झाला. तो पुण्याच्या ‘यशदा’त आणि नागपूरच्या ‘वनामती’ या प्रशिक्षण संस्थेत चालतो. ही मुले एकत्र राहतात, गावात मुक्काम करतात, आदिवासी पाड्यावर जातात. दहा वर्षांनी यांतलाच तहसीलदार आणि पोलीस अधिकारी एखाद्या तालुक्यात दंगलीच्या किंवा पुराच्या रात्री एकमेकांना फोन करणार असतात, आणि तेव्हा ते आधीच मित्र असतात. या कार्यक्रमाचे मला हेच मोठे फळ वाटते. स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेणारे डॉ. आंबेडकर केंद्रही ‘यशदा’च्याच आवारात आहे. ज्या घरात आधी कोणी अधिकारी झाला नाही अशा घरांतली मुले तिथून सेवेत गेली.

आता जे खुपते तेही लिहायला हवे, कारण गुणगानाने संस्थेचे भले होत नाही. राज्य सरकारच्या मंजूर पदांची संख्या सात लाखांच्या आसपास आहे, जिल्हा परिषदा आणि महापालिका त्याखेरीज. एवढ्यांना एका आवारात शिकवता येत नाही म्हणून प्रवीण प्रशिक्षक तयार करायचे, त्यांनी जिल्ह्यात इतरांना शिकवायचे, त्यांनी तालुक्यात, अशी साखळी केली जाते. पुण्यातला तीन दिवसांचा वर्ग तालुक्याला पोचेतो दोन तासांचा होतो, गटचर्चा गळते, पडद्यावरची वाक्ये उरतात. माहिती अशी झिरपते, नेतृत्व झिरपत नाही. ते समोरासमोर, वेळ देऊन, एकमेकांच्या चुका पाहतच अंगी येते. दुसरे, प्रशिक्षणाला कोणाला पाठवायचे हे ठरताना कचेरीत अजून असाच विचार होतो की ज्याच्यावाचून काम अडत नाही त्याला पाठवू. म्हणजे ज्याच्या खांद्यावर खरा भार आहे तोच शिकायला येत नाही. तिसरे, प्रशिक्षण संस्थेत नेमणूक झाली की आपल्याला बाजूला टाकले असे अधिकाऱ्याला वाटते. जे मनापासून शिकवत राहिले त्यांचे ऋण म्हणूनच मोठे आहे. स्त्री कर्मचाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. पाच दिवस घर सोडून राहायचे तर मुलांना कोण पाहील हा प्रश्न पुरुषाला कोणी विचारत नाही. वसतिगृहाशेजारी पाळणाघर ही प्रशिक्षण धोरणातली किरकोळ बाब नाही, नेतृत्वाच्या शिडीची ती पहिली पायरी आहे.

‘मिशन कर्मयोगी’ला २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली आणि ‘आयगॉट’ या संगणकीय मंचावर देशभरचे कर्मचारी अभ्यासक्रम करू लागले. गडचिरोलीतल्या ग्रामसेवकाला मोबाइलवर धडा मिळतो, ही साधी गोष्ट नाही. नियम, हिशेब, संगणक यांसाठी हे साधन फार उपयोगी आहे. पण संतापलेल्या ग्रामसभेसमोर उभे राहायला, वरिष्ठाच्या चुकीच्या तोंडी आदेशावर लेखी मागायला, आपल्या हाताखालच्या माणसाची बाजू घ्यायला मोबाइल शिकवणार नाही. संगणकावर संपवलेल्या अभ्यासक्रमांचे आकडे मोजून समाधान मानले तर वसतिगृहातली ती रात्रीची जेवणे हळूहळू बंद पडतील, अशी मला काळजी वाटते. ती बंद पडू नयेत यासाठी ‘यशदा’च्या आजी-माजी प्रशिक्षणार्थींनी बोलले पाहिजे.

२०२४ मध्ये राज्य सरकारने दोन पदांची नावे बदलली. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाला आणि ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र होऊन ग्रामपंचायत अधिकारी झाले. १९६३ च्या महाविद्यालयाच्या दारात ज्याला प्रवेश नव्हता तो माणूस साठ वर्षांनी सरकारी कागदावर अधिकारी ठरला. या नव्या अधिकाऱ्यांची मोठी भरती झाली आहे. त्यांत पदवीधर, अभियंते, स्पर्धा परीक्षेची वर्षानुवर्षे तयारी केलेली मुलेमुली आहेत, आणि सज्जावर रुजू होताना पहिल्या दिवसापासून त्यांच्या हाती लॅपटॉप, ई-फेरफार आणि पंचनाम्याचे काम पडते आहे. त्यांच्या पायाभूत वर्गांचे आठवडे किती, ते कुठे होणार, त्यांत गावमुक्काम असेल की नाही आणि शिकवायला जुने जाणते तलाठी बोलावले जातील की नाही, हे प्रश्न आता बाणेर रस्त्यावरच्या संस्थेच्या आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या प्रशिक्षण केंद्रांच्या टेबलावर आहेत.